सर्वांत उंच लाकडी प्रार्थनास्थळ कोणते?

प्रश्न : जगातील सर्वांत उंच लाकडी प्रार्थनास्थळ म्हणून कुठे चीनमधील पॅगोड्याचे, तर कुठे रुमानियातील चर्चचे नाव वाचायला मिळते. यांतले खरे कोणते? आणि इतकी उंच लाकडी इमारत शतकानुशतके उभी कशी राहते?

उत्तर : ‘लाकडी’ कशाला म्हणायचे आणि वास्तू किती जुनी हवी, हे ठरवल्याशिवाय एकच नाव सांगता येणार नाही. थायलंडमधील पट्टाया येथील ‘सत्याचे मंदिर’ १०५ मीटर उंच असल्याचे सांगतात. मात्र १९८१ मध्ये सुरू झालेले त्याचे काम अद्याप चालू आहे आणि रूढ अर्थाने ते नित्य पूजेचे देऊळ नव्हे. रुमानियाच्या मारामुरेश भागातील सपान्त्सा-पेरी मठाचे चर्च सुमारे ७५ मीटर उंच असले, तरी ते अलीकडचे आहे आणि त्याखाली दगडी बांधकाम आहे. त्याच भागातील शुर्देश्तीचे अठराव्या शतकातील चर्च मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्याचा निमुळता मनोराच ५४ मीटरांचा आहे.

जुन्या वास्तूंमध्ये मात्र चीनच्या शान्शी प्रांतातील यिंगश्येन येथील पॅगोड्याला मानाचे स्थान द्यावे लागते. ल्याओ राजवटीत, १०५६ मध्ये बांधलेला हा अष्टकोनी पॅगोडा दगडी जोते आणि लोखंडी कळस धरून ६७ मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. बाहेरून पाच मजले दिसतात. पण त्यांच्या मध्ये आणखी चार मजले दडलेले असून त्यांतील तिरक्या टेक्यांमुळे प्रत्येक मधला मजला घट्ट आवळलेल्या कड्यासारखे काम करतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खांबांच्या माथ्यावर सापडते. तिथे आधी एक चौकोनी ठोकळा, त्यावर फुलीसारखे ओवलेले दोन लाकडी हात, त्या हातांच्या टोकांवर पुन्हा छोटे ठोकळे, असे थर रचत छपराचा भार पेलला आहे. अशा जोडण्यांचे ५४ प्रकार या एका इमारतीत आहेत. लाकडे एकमेकांच्या खाचांत बसवलेली असल्याने भूकंपात प्रत्येक सांधा किंचित सरकतो, घासतो आणि हादऱ्याचा जोर त्या घर्षणात जिरतो. भिंत ताठ असती, तर तिला तडा गेला असता.

जपानमधील पॅगोड्यांत याच्या जोडीला मधोमध एक उंच स्तंभ असतो. होर्यू-जी येथील पॅगोड्याच्या या स्तंभाचे झाड ५९४ मध्ये तोडले गेले, हे खोडातील वलयांवरून कळले आहे. क्योतोतील तो-जीचा पॅगोडा सुमारे ५५ मीटर उंच आहे. आधीचे चार जळून गेल्यावर १६४४ मध्ये तो पुन्हा उभारला गेला. उंच लाकडी वास्तूंचे खरे वैरी वीज आणि आग हेच आहेत. चीनमधील लुओयांगचा भव्य योंगनिंग पॅगोडा ५१६ मध्ये उभा राहिला आणि ५३४ मध्ये जळाला.

त्याखालोखाल धोका माणसाच्या हातचा. यिंगश्येनच्या पॅगोड्याच्या वरच्या मजल्यांवर खांबांमध्ये मातीच्या भिंती होत्या आणि त्यांत तिरके टेके होते. १९३० च्या दशकात त्या काढून तिथे जाळीची दारे बसवली गेली. तेव्हापासून दुसरा मजला कलत चालला आहे. रशियातील किझी बेटावरच्या १७१४ च्या, बावीस घुमटांच्या चर्चचे वरचे भाग जॅकवर उचलून धरत खालचे कुजलेले ओंडके थराथराने बदलता आले. यिंगश्येनचे हजारो सुटे भाग असे उचलायचे, उतरवून पुन्हा जोडायचे, की आहे त्या जागी टेकू द्यायचा, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. तोवर वरच्या मजल्यांवर पर्यटकांना सोडत नाहीत.