वडिलांकडून आलेल्या घरात घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याचा अर्धा वाटा निघतो का?

नाही, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं तुमच्या वडिलांचं घर वारसाने तुमच्या एकटीच्या नावावर आलं असेल, तर घटस्फोट झाला तरी नवऱ्याला त्यात हिस्सा मागता येत नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 14 प्रमाणे तुम्ही त्याच्या पूर्ण मालक आहात. ‘लग्नानंतरचं सगळं निम्मं-निम्मं’ हे परदेशी मालिकांतलं. आपल्याकडे गोवा आणि दमण-दीव सोडलं तर तसा नियम नाही. मी इथे वडोदऱ्यात दिवाणी वकिली करतो आणि माणसं फसतात ती कायद्यामुळे नाही, सरमिसळीमुळे. घर विकून आलेले पैसे जोडखात्यात टाकले, त्यातून दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला, की दस्तावर त्याचंही नाव लागलं. मग पैसे माझे होते हे सिद्ध करत बसा. म्हणून:

- प्रॉपर्टी कार्डावर आधी वारसनोंद करून घ्या.
- भाडं, विक्रीची रक्कम वेगळ्या खात्यात.
- मृत्युपत्र करा. ते नसेल आणि मुलं असतील तर तुमच्यामागे मुलांबरोबर नवराही वारस ठरतो (घटस्फोट झालेला नसेल तर). मूलबाळ नसेल तर कलम 15(2) मुळे घर वडिलांच्या वारसांकडे परत जातं.

मात्र घर सुरक्षित म्हणजे ते हिशेबाबाहेर, असं नाही. पोटगी ठरवताना कोर्ट दोघांचंही उत्पन्न आणि मालमत्ता पाहतं, प्रतिज्ञापत्रात घर दाखवावंच लागतं. घाईने भावाच्या नावावर बक्षीसपत्र करून ते लपवायला जाऊ नका.