ऋतू बदलतात तसं माझं चित्र काढणं कसं बदलतं

ऋतू बदलले की तुमच्या कलेत काय बदलतं, आणि पावसाळ्यात हात थांबतो तेव्हा काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी साताऱ्यात राहते, जलरंगात निसर्गचित्रं करते. त्या अनुभवातून सांगते.

जलरंगात ऋतू सगळ्यात आधी कळतो तो रंग वाळण्यावरून. एप्रिलच्या उन्हात आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, खाली ओढेपर्यंत वरची कड सुकलेली असते. मग मी कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवून घेते, आकार लहान ठेवते आणि कोरड्या ब्रशचं काम जास्त करते. खडक, वाळलेलं गवत, पानगळ झालेल्या फांद्या यांना ती खरखरीत कड शोभतेच. जुलैत याच्या उलट. कागद लवकर वाळतच नाही, अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे कण सावकाश खाली बसत कागदाच्या खळग्यांत साचतात, एक रंग दुसऱ्यात सरकत जातो. ढगांत अर्धवट बुडालेला डोंगर अशा हवेत जितका सहज उतरतो तितका एप्रिलमध्ये कितीही कसब लावलं तरी उतरत नाही. माझ्या मते जलरंगाच्या चित्रात हवेचा हात चित्रकाराइतकाच असतो, आणि वर्षभर एकच माध्यम वापरूनही कंटाळा येत नाही तो त्यामुळेच. चार महिन्यांत हाताला सवय लागते न लागते तोच हवा पालटते आणि पुन्हा नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. मी बहुतेक वेळा संगम माहुलीला जाते. साताऱ्याच्या पूर्वेला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. तिथलं विश्वेश्वराचं देऊळ अठराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्याकडे अगदी डोक्यावर येतो, त्या दिवशी भर दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर सावली जवळजवळ उरत नाही आणि सगळं देऊळ सपाट दिसतं. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून येतो. एरवी भर दुपारी अंधारी असणारी उत्तरेची भिंत तेव्हा तिरप्या उजेडात उजळते आणि दगडावरचे छिन्नीचे घावसुद्धा मोजता येतात. मात्र हे बघायला ढग जमायच्या आधीचे दोन-तीन आठवडेच मिळतात, म्हणून मे संपताना मी घामाची पर्वा न करता जाते. डिसेंबरात दुपारीही सूर्य जेमतेम ४९ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सावल्या लांब, निळसर, आणि त्याच उत्तरेच्या भिंतीला दिवसभर थेट ऊन नाही. देऊळ तेच, पण चित्राची रचना मुळापासून वेगळी करावी लागते.

रंगांचं म्हणाल तर सगळ्यात अवघड महिना ऑगस्ट. सगळीकडे हिरवा, आणि ट्यूबमधला तयार हिरवा लावला तर चित्र मेलंच समजा. मी पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळून त्यात बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा थेंब टाकते. भाताचा हिरवा, शेवाळाचा हिरवा, लांबच्या डोंगराचा हिरवा असे वेगवेगळे वाचायला शिकायचं तर ऑगस्टसारखा गुरू नाही. सप्टेंबरात उतारांवर सोनकी पिवळी होते, पावसाने धूळ धुऊन गेल्यामुळे दूरचे डोंगरही स्वच्छ, निळे दिसतात. कासच्या पठाराकडे गर्दी वळते ती याच दिवसांत. मला मात्र नोव्हेंबरातलं कुसळी गवत त्याहून आवडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याने काळे पडलेले उतार आणि त्यांच्या पुढ्यात फुललेला पळस दिसतो. वणव्याचं दुःख होतंच, तरी तो काळा आणि तो केशरी शेजारी शेजारी बघितल्यावर ब्रश हातात न घेता राहवत नाही.

नदीवर मात्र ऋतूचा अंदाज पूर्ण चालत नाही. वर धोम आणि कण्हेर ही धरणं आहेत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही कधी पाणी चढलेलं दिसतं. जे दिसतं तेच मी काढते.

आता तुमचा पावसाळ्याचा प्रश्न. आधी कागद सांभाळा. दमट हवेत कागदावरचं सरसाचं अस्तर बिघडतं, बुरशी धरते, आणि मग रंग तिथे टिपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कागद ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. दुसरं, बाहेर जाणं बंद करू नका, फक्त आडोसा शोधा. देवळाची ओवरी, एसटीचा थांबा, घराची पडवी, काहीही. एकाच रंगात काम करा. पेन्स ग्रे (निळसर करडा) किंवा सेपिया (गडद तपकिरी) घेतला की पावसातले उजळ-गडद टप्पे नीट दिसायला लागतात आणि वाळायची वाट बघणंही जड जात नाही.

आणि जमलं तर जागा बदलू नका. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते, आणि तरीही कोल्हापूरच्या आसपासचाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तुमच्या घराजवळचं एखादं झाड किंवा ओढा निवडा. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ आणि पहिला वॉश वाळायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तिथे बसाल तेव्हा या नोंदी कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येतील. आत्ता पाऊस चालू असेल तर उद्याच सुरुवात करा, उघडीप होण्याची वाट बघू नका.