फुटपाथ रुंद केले, मग गाड्या कुठे न्यायच्या? पुणेकरांचे प्रश्न

प्रश्न : जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ एवढे रुंद केले, यानं ट्रॅफिक वाढणार नाही का? (कोथरूड)

गाड्यांची जागा कमी झाली हे खरंय, पण माणसांची वाढली ना. साधारण ३ मीटरच्या एका लेनमधून तासाला कारनं ६०० ते १६०० माणसं जातात आणि तेवढ्याच जागेतून चालत ९००० जाऊ शकतात, हे अमेरिकेतल्या नॅक्टो या शहरांच्या संघटनेचे आकडे आहेत. रस्त्यावर आधी माणसांचा विचार करा, वाहनांचा नंतर, हे आपल्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे.

प्रश्न : फुटपाथ असूनही माझी आई रस्त्यावरूनच चालते, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. (सिंहगड रोड)

आईंचं बरोबर आहे हो. एकदा त्यांच्यासोबत चालून बघा, दर सोसायटीच्या गेटशी फुटपाथ तुटतो, तिथं उतरायचं, पुढे परत चढायचं, मध्येच डीपी म्हणजे विजेची पेटी, मध्येच लावलेली स्कूटर, गुडघे दुखणाऱ्या माणसानं हे किती वेळा करायचं? इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचारी सोयींचं मानक, आयआरसी १०३ (२०१२), म्हणतं फुटपाथची उंची १५० मिमीच्या वर नको, आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, डीपी-झाडं-बाक सोडून. गेटपाशी फुटपाथ सलग राहिला पाहिजे, चढउतार गाडीनं करावी, मला विचाराल तर नव्या टाइल्सच्या आधी हे करा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग असलेला हक्क असल्याचं सांगितलंय, त्यामुळे तक्रार करताना विनंती वगैरे नको, हक्कानं लिहा.

प्रश्न : सायकल ट्रॅक रिकामेच असतात, मग जागा कशाला अडवायची? (वारजे)

मी रोज सायकलनं जातो आणि बऱ्याचदा मीही ट्रॅक सोडून रस्त्यावरच येतो, कारण ट्रॅक सुरू झाला की थोड्या अंतरावर बसस्टॉप, मग वडापावची गाडी, मग खांब, आणि चौक आला की ट्रॅकच गायब, खरा धोका तर चौकातच असतो! पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा गाड्या कमी होत्या म्हणून ट्रॅकशिवाय चालून गेलं, आता नाही चालणार. पॅरिसनं २०२० मध्ये रिव्होली रस्त्यावरच्या बहुतेक खासगी गाड्या बंद करून रुंद, सलग जागा सायकलींना दिली. तुकडे जोडा, लोक येतील.

प्रश्न : लक्ष्मी रोडला दुकान आहे. पार्किंग काढलं तर धंदा बसेल. (सदाशिव पेठ)

काळजी रास्त आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनी उंबऱ्या गणपती ते गरुड गणपती चौक गाड्या बंद असतात, त्या दिवशी गिऱ्हाईक मोजा. आणि एरवी दुकानासमोरची कार किती तास हलत नाही तेही आठवडाभर लिहून ठेवा, बऱ्याचदा ती शेजारच्या दुकानातल्याच कुणाची तरी निघते. एका कारच्या जागेत दहाएक सायकली मावतात. मात्र माल उतरवायला सकाळची ठरलेली वेळ आणि वयस्कर गिऱ्हाइकांना जवळ उतरवायला रिक्षाची सोय, या दोन गोष्टी आराखड्यात नसतील तर जरूर विरोध करा, मीही तुमच्या बाजूनं उभा राहीन.