घडीचा चाकू घट्ट उघडतो म्हणजे तो खराब आहे का?

नाही, अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की नवीन घेतलेला स्विस आर्मी चाकू नखाने ओढल्याशिवाय उघडत नाही, मिटताना शेवटी टक्कन आपटतो, आणि यूट्यूबवर बघावं तर लोकांचे चाकू एका बोटाने सर्रकन उघडतात, मग तेल घालून आपलाही तसा मोकळा होईल का. तसा तो होणार नाही आणि होऊही नये, कारण हे दोन चाकू मुळात वेगळ्या जातीचे आहेत.

तुमच्यासारख्या नेहमीच्या छोट्या मॉडेलमध्ये लॉक नसतो. पातं उघडं राहतं ते फक्त पाठीतल्या स्प्रिंगच्या दाबावर. एकदा उजेडात बाजूने धरा आणि अगदी सावकाश उघडून बघा. पात्याचा जो भाग मुठीच्या आत असतो त्याला दोन सपाट कडा आणि मध्ये कोपरा असतो, बंद असताना स्प्रिंग एका कडेवर बसलेली असते, तुम्ही ओढायला लागलात की कोपरा स्प्रिंगला उचलायला लागतो, अर्ध्यावर आल्यावर ती पाठीतून किंचित वर आलेली डोळ्यांना दिसते आणि कोपरा ओलांडला की दुसऱ्या कडेवर टक्कन बसते. हा जो जोर लागतो ना, तोच तुमची बोटं वाचवतो. तो कमी असता तर दोरी कापताना जरा वेडंवाकडं बळ पडलं की पातं सरळ बोटांवर मिटलं असतं. हे चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा संस्थापक कार्ल एल्झेनर, त्याने 1897 मध्ये ऑफिसरचा चाकू नोंदवला तेव्हाची खरी हुशारी याच स्प्रिंगमध्ये होती, एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं धरली, म्हणून एवढ्याशा मुठीत इतकं सगळं मावलं.

यूट्यूबवाले चाकू बहुतेक लायनर लॉक नाहीतर फ्रेम लॉकचे असतात. त्यात पाठीत दाब देणारी स्प्रिंगच नसते, मुठीतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याला मागून टेकते. बंद असताना पातं धरून ठेवायला त्या पट्टीवर बारीक गोळी असते, ती पात्यातल्या छोट्या खड्ड्यात बसते, सुरुवातीला जरा जोर लावला की गोळी खड्ड्यातून सुटते आणि पुढे अडवायला फारसं काही नसतंच. शिवाय पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीपाशी बॉल बेअरिंग असले की मग काय, लॉक सोडला की पातं स्वतःच्या वजनाने खाली पडतं. व्हिडिओत हे दाखवलं की लोकांना वाटतं हाच चांगला चाकू. मला हे पटत नाही. बेअरिंगच्या बारीक गोळ्यांमध्ये माती, खिशातला कचरा गेला की खरखर सुरू होते, साधे फॉस्फर ब्राँझचे वॉशर असलेला चाकू सुरुवातीला घट्ट वाटतो पण वापरून वापरून घासून मऊ होतो आणि घाणीत जास्त तग धरतो. आणि पट्टीवरची ती गोळी पात्याला नीट धरत नसेल तर खिशात पातं आपोआप उघडू शकतं, तिथे मऊपणा कामाचा नाही.

म्हणून तुमच्या चाकूत जोर किती लागतो ते बघू नका, तो सलग लागतो का ते बघा. मध्ये कुठे खरखर, अडखळ, रेती दळल्यासारखा आवाज येतोय का? येत असेल तर दहातली नऊ कारणं घाणच असते, लिंबाचा रस, आंब्याचा चीक, खिशातल्या कापडाची तुसं. कोमट पाण्यात चाकू बुडवून पाण्यातच प्रत्येक हत्यार बरेच वेळा उघड-मीट करा, फटीत दात घासायचा जुना ब्रश फिरवा, नीट पुसून पूर्ण वाळू द्या (पावसाळ्यात रात्रभर उघडाच ठेवा) आणि मग खिळीपाशी तेलाचा एकच थेंब. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, पण त्याच चाकूने फळं कापणार असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या. घरातलं खोबरेल नको, थंडीत थिजतं, आणि शेंगदाणा तेल तर महिन्या-दोन महिन्यांत चिकट होऊन सगळी धूळ धरून बसतं. स्प्रिंग घासून सैल करायच्या भानगडीत पडू नका प्लीज, हे चाकू रिव्हेटने जोडलेले असतात, एकदा सैल झालं की स्क्रू नाही जो परत आवळाल.

स्क्रूवाला चाकू असेल तर गोष्ट वेगळी. पातं उघडून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा, हलत असेल तर खिळीचा स्क्रू सैल आहे, हलत नाही पण उघडायला जड जातं तर जास्त आवळलाय. फिरवताना अगदी केसभर फिरवायचा, परत हलवून बघायचा, आणि जागा सापडली की थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) इवलासा थेंब, निळा, लाल नको.

एक वेगळा प्रकार म्हणजे फ्रेंच ओपिनेल, लाकडी मुठीचा, 1890 पासून चालत आलेला. त्यात ना स्प्रिंग ना बेअरिंग, पातं नुसतं लाकडाच्या खाचेत बसतं आणि 1955 पासून त्यावर फिरवायची लॉकची रिंग आली. सह्याद्रीत जुलैमध्ये नेला की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं असं आवळतं की नखाने हलतच नाही. तेव्हा पक्कड घेऊन ओढू नका. रिंग मोकळ्या जागी आहे ना बघा, आणि मुठीचं शेपटाकडचं टोक दगडावर नाहीतर टेबलाच्या कडेवर हलकंच ठोका, पात्याचा पुढचा भाग थोडा बाहेर डोकावतो, मग पाठीकडून धरून उघडा. घरी आल्यावर पंख्याखाली वाळवा, विस्तवाजवळ नाही, तडा जाईल. वाळल्यावर खाचेत जवसाचं तेल चोळलंत तर पुढच्या पावसात कमी फुगेल.

तुमच्या चाकूत खरखर नसेल तर काहीच करू नका, नुसता वापरा. आणि धुवून, तेल घालूनही एकच पातं ठरावीक जागी अडत असेल तर बहुधा ते किंवा शेजारचा पत्रा वाकलाय, असलं काम घरी न करता कंपनीकडे पाठवा, बनावटीतल्या दोषाला व्हिक्टोरिनॉक्सची आयुष्यभराची गॅरंटी असते.