निळू फुले खेड्यातले नव्हते, तरी त्यांचा पाटील इतका अस्सल कसा वाटायचा?

'खेड्यातले नव्हते, तरी' या शब्दांपाशीच मी अडकलो. म्हणजे पडद्यावर पाटील व्हायला पाटलाच्याच पोटी यावं लागतं, असंच ना? आमचे दाजीही हेच म्हणतात.

माझे वडील सातारा जिल्ह्यात एका सरकारी विश्रामगृहावर माळी होते. निळूभाऊसुद्धा माळीच. पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. हे वडिलांच्या कानावर कधी आलं कुणास ठाऊक, पण पुढे आयुष्यभर त्यांनी ते मिरवलं. मी कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे 'शासकीय सेवा' लिहायचो. ते मात्र कुणालाही सांगायचे, निळूभाऊ आपल्यातला.

बहिणीच्या घराची वास्तुशांत होती. जेवणं उरकली आणि दाजींनी खांद्यावर टॉवेल टाकून नेहमीचं सुरू केलं, 'बाई, वाड्यावर या'. सगळे हसले. मी विचारलं, दाजी, कुठल्या सिनेमातलं हे? त्यांना सांगता येईना. मग चिडून म्हणाले, "ते रक्तात असावं लागतं. आमच्या आज्याला बघूनच शिकला असंल तो."

वडील कोपऱ्यात सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "पाव्हणं, चेअरमन यायचा तवा मी कन्हेरीच्या आड खुरपत बसल्याला असायचो. त्याला मी दिसत न्हवतो. मला मात्र त्यो अख्खा दिसायचा."

मग उठून त्यांनी करून दाखवलं. खुर्चीत बसण्याआधी जरा थांबायचं, म्हणजे बाकीचे ताटकळतात. बोलताना समोरच्याकडे बघायचं नाही, पानाच्या डब्याकडे बघायचं. आवाज चढला तर समजायचं, काही होत नाही. आवाज खाली गेला की कुणाची तरी बदली झालीच. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चाळीस वर्षं बघितलेलं त्यांनी दोन मिनिटांत उभं केलं. कुणी हसलं नाही. दाजी टॉवेल काढून बाहेर पान खायला गेले.

'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखर कारखाना, तालुका, माणसं, सगळं खिशात, आणि डॉ. लागूंचा मास्तर विचारत सुटलाय, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव ओरडत नाही. त्याचा आवाज खाली जातो. वडिलांनी हा सिनेमा जत्रेत तंबूत पाहिला होता. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, ह्यानं खालनं बघितलंय. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ मध्ये हा सिनेमा गेला. तिथल्या लोकांना त्यातलं काय कळलं असेल ते असो, वडिलांइतकं खचितच नाही.

तर उत्तर हे. सत्ता सगळ्यात बारकाईने बघतो तो तिच्या पायाशी बसलेला माणूस. त्याला ते भागच असतं. वाड्यातल्याला वाडा दिसत नाही.

आता कुणीतरी म्हणेलच, प्रत्येक माळी काही नट होत नाही. बरोबर आहे. सेवा दलाचं कलापथक, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाचे प्रयोग, एवढं घासल्यावर १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'. आणि पुढचे पुष्कळ पाटील एकाच साच्यातले निघाले, ते निर्मात्यांना हवे होते म्हणून. त्यातले बरेच मला बघवत नाहीत. पण 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस बघा. टोपी नाही, वाडा नाही, मंत्र्यांच्या दारात घुटमळणारा वार्ताहर. तोही बघणाराच, आणि बघून बघून शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा. 'सामना' आणि हा पाठोपाठ बघा. दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. नक्कल करणाऱ्यांना दिगू कधी जमत नाही, कारण त्यात टॉवेल टाकायला खांदा सापडत नाही.

वडील २०१६ ला गेले. दाजी आता माझी उत्तरं वाचतात असं बहीण म्हणते. दाजी, ते वाक्य कुठल्या सिनेमातलं, ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.