घरच्या जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून ऑफिसचा मेल सर्व्हर चालेल का?

तुम्ही लिहिलंय, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात सात जणांचं ऑफिस आहे, डोमेन घेतलंय, जुना पीसी पडून आहे आणि घरच्या ब्रॉडबँडवरच सगळं भागवायचंय. पीसी कामी येईल, पण नुसत्या ब्रॉडबँडवर भागणार नाही.

रावपुऱ्यात मी हाच उद्योग केला होता. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलच्या पेट्या सांभाळणारा) एका रविवारी दुपारी बसवून झाले. (डेबियन १३ घेतलंत तर जपून: त्यात डव्हकॉट २.४ येतं, २.३ची कॉन्फिग फाइल त्यात चालत नाही.) जीमेलला चाचणीचा मेल पाठवला, तो रांगेतच अडकला. सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो २५ नंबरचा पोर्ट घरच्या कनेक्शनवर स्पॅमच्या धाकाने बहुधा बंदच ठेवतात. शिवाय आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलता, कधी तर अनेक ग्राहकांत मिळून एकच.

म्हणून छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, घ्या. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: २५ खुला आहे का, आणि पीटीआर लावून मिळेल का? पीटीआर म्हणजे आयपीवरून उलट नाव शोधलं तर तुमच्या सर्व्हरचं नाव निघणं. मी ते तीन दिवस डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधत होतो! आयपी ज्याचा, ती नोंद त्याच्याकडेच होते.

एसपीएफ (तुमच्या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ती सूचना) तिन्ही लावा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूला पहिल्या दोनांपैकी एक तरी प्रत्येकाकडून लागतं. डीमार्कची सक्ती घाऊक पाठवणाऱ्यांना आहे, पण ती एक ओळ टाकायला आळस कशाला?

फोनवरून मेल जाईना म्हणून मी वैतागून मायनेटवर्क्समध्ये (पासवर्डशिवाय कोणाचे मेल पुढे पाठवायचे ती पोस्टफिक्सची यादी) ०.०.०.०/०, म्हणजे सगळं जग, लिहिलं होतं. सकाळी रांगेत हजारो मेल, एकही आमचा नाही. फोनसाठी ५८७ (किंवा ४६५) पोर्ट आणि पासवर्ड, दुसरा रस्ता नाही.

आता तुमचा पीसी. माझा व्हीपीएस फक्त देवाणघेवाण करतो. आलेले मेल व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्यातून) घरच्या मशीनवर येतात, पेट्या तिथेच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती. मशीन बंद, मी माळ्यावर. पण व्हीपीएसवरचा पोस्टफिक्स न पोचलेला मेल मुळातच पाच दिवस धरून ठेवतो आणि अधूनमधून पुन्हा पाठवून बघतो. लाइट आली, तासाभरात सगळे मेल पेटीत.