घरच्या सर्व्हरसाठी पहिली खरेदी

भाऊ, घरी व्हर्च्युअलायझेशन (एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणं) शिकायला घेतलंस, फार छान केलंस. तुझ्या यादीतला जुना रॅक सर्व्हर (कंपन्यांच्या सर्व्हर-कपाटात बसणारा) मात्र आत्ता नको. स्वस्त दिसतो, पण त्याच्या पंख्यांचा आवाज घरात सहन होत नाही आणि बिलही वाढतं. चोवीस तास १०० वॅट म्हणजे महिन्याला ७२ युनिट! त्यापेक्षा ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप बघ. आय५-८५०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर सुरुवातीला भरपूर झाला.

पैसा रॅमवर घाल. नवखे लोक प्रोसेसरवर खर्च करतात आणि ८ जीबीवर अडकतात. तीन-चार व्हीएम (आभासी संगणक) चालू केले की आधी रॅमच संपते. १६ किमान, ३२ उत्तम. घेण्याआधी डबा उघडून मोकळे स्लॉट मोज.

बाकी एवढं पाळ:
- व्हीएम एसएसडीवर. बॅकअप वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर. रेड (अनेक डिस्क जोडून, एक बिघडली तरी काम चालू ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे.
- बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय, म्हणजे इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम, चालू होतो का ते दुकानातच तपास.
- यूपीएस पहिल्या दिवसापासून.

आणि जागा नीट निवड. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखालची खोली किंवा बंद कपाट अजिबात नको. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेव, आणि उन्हाळ्याआधी धूळ काढ.

ईसीसी (चुका दुरुस्त करणारी रॅम), झेडएफएस (डिस्कवर डेटा ठेवायची प्रगत पद्धत), क्लस्टर (अनेक सर्व्हर एकत्र जोडणं) हे सगळं सध्या बाजूला ठेव. प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) टाक, त्यावर एक डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालव, आणि कुठे अडलं तर बिनधास्त विचार.